माजघराची दारं

ई-मेलला जोडलेलं छायाचित्र जेव्हा प्रवासाला निघतं, तेव्हा ते छायाचित्र राहत नाही. त्याचे बाइट साध्या खुणांमध्ये उतरवले जातात. इंग्रजी लहान आणि मोठी अक्षरं, दहा आकडे आणि दोन चिन्हं मिळून चौसष्ट खुणा, म्हणून या पद्धतीचं नाव बेस-६४. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीची जावा ही भाषा १९९६च्या जानेवारीत पहिल्या आवृत्तीसह लोकांच्या हाती आली आणि हे काम करणारा कोड लवकरच तिच्या पोटात होता. तो जाहीर लायब्ररीत मात्र नव्हता. कंपनीच्या अभियंत्यांनी आपल्या गरजेपुरता लिहिलेला तो कोड 'सन.मिस्क' नावाच्या पॅकेजात होता. 'मिस्क' म्हणजे संकीर्ण, किरकोळ. घरातल्या चिल्लर वस्तूंचं फडताळच ते.

बाहेरच्या प्रोग्रामरना हे फडताळ दिसलं आणि त्यांनी ते उघडलं. त्यात काही कठीण नव्हतं. कोडच्या वर एक इम्पोर्टची ओळ लिहिली की झालं. जाहीर लायब्ररीत बेस-६४ची सोय शोधायला गेलेला माणूस रिकाम्या हाताने परत येई आणि कुणीतरी त्याच्या कानात सांगे, अरे, ते सन.मिस्कमध्ये आहे. सनने पहिल्या काही वर्षांतच बजावून ठेवलं होतं की 'सन'ने सुरू होणारी पॅकेजं आमची खासगी आहेत, ती कधीही बदलतील, नाहीशी होतील, त्यांच्यावर विसंबू नका. पुढे कंपायलरही प्रत्येक वेळी तसा इशारा छापू लागला. पिवळ्या इशाऱ्यांच्या ढिगात तो आणखी एक. प्रोग्राम चालत होता, काम होत होतं.

जावाच्या जाहीर लायब्ररीत बेस-६४साठी स्वतंत्र वर्ग आला तो २०१४च्या मार्चमध्ये, आठव्या आवृत्तीबरोबर. त्याआधी सहाव्या आवृत्तीत एक्सएमएलच्या कामासाठी आलेल्या एका वर्गात ही सोय आडवाटेने मिळत होती, पण बेस-६४ शोधणारा माणूस एक्सएमएलच्या कपाटात कशाला डोकावेल? म्हणजे जवळजवळ अठरा वर्षं एका रोजच्या गरजेची वस्तू पुढच्या दालनात मांडलेली नव्हती आणि आतल्या फडताळात होती. हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचा सगळा इतिहास नुसता बेशिस्तीचा वाटेल. तो तसा नाही.

आतलं आणि बाहेरचं वेगळं ठेवावं, हा विचार जावाच्या बराच आधीचा. १९६०च्या दशकात आयबीएममध्ये ओएस/३६० ही प्रचंड ऑपरेटिंग सिस्टिम घडत होती. फ्रेडरिक ब्रुक्स तिचे प्रमुख. प्रत्येक प्रोग्रामरला प्रकल्पातला सगळा तपशील दिसला पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. त्यासाठी एक कार्यपुस्तक ठेवलं होतं आणि त्याची प्रत सगळ्यांकडे असे. सहा महिने व्हायच्या आत त्या पुस्तकाची जाडी पाच फूट झाली. रोजच्या दुरुस्त्यांचे कागदच सरासरी दीडशे पानं भरत. दिवसाचं पहिलं काम म्हणजे जुनी पानं काढून नवी लावणं! शेवटी ते सगळं मायक्रोफिशवर न्यावं लागलं.

डेव्हिड पार्नास यांनी याच्या अगदी उलट बाजू मांडली. १९७२च्या डिसेंबरमध्ये त्यांचा एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात उदाहरण होतं शब्दसूची तयार करणाऱ्या एका साध्या प्रोग्रामचं. तोच प्रोग्राम त्यांनी दोन प्रकारे तोडून दाखवला. पहिला प्रकार म्हणजे कामाच्या क्रमाने तुकडे: आधी वाचा, मग फिरवा, मग लावा, मग छापा. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक तुकडा एकेक निर्णय आपल्या पोटात लपवतो, आणि तोही असा, जो उद्या बदलण्याची शक्यता आहे. ओळी स्मृतीत कशा साठवायच्या, हे एकाच तुकड्याला ठाऊक. बाकीच्यांनी त्याला विचारायचं, त्याच्या पोटात हात घालायचा नाही. साठवणीची पद्धत बदलली तर पहिल्या प्रकारात जवळपास सगळे तुकडे उघडावे लागतात, दुसऱ्यात एकच.

ब्रुक्स यांना ही कल्पना तेव्हा पटली नव्हती आणि १९७५च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात त्यांनी तसं लिहिलंही. वीस वर्षांनी, १९९५च्या आवृत्तीत, त्यांनी एका स्वतंत्र उपशीर्षकाखाली कबूल केलं की पार्नास बरोबर होते आणि आपण चुकलो होतो. इतक्या मोठ्या माणसाने इतकं सरळ लिहावं, हे या क्षेत्रातल्या फार सुंदर गोष्टींपैकी एक आहे.

पार्नास यांचा विचार तोवर भाषांमध्ये उतरला होता. जावात वर्गाचा एखादा भाग 'प्रायव्हेट' म्हटला की बाहेरच्याला तो दिसत नाही. एका पॅकेजातले वर्ग आपापसात काही गोष्टी वाटून घेऊ शकतात, तीही सोय होती. अडचण त्याच्या पुढच्या पायरीवर होती. मोठं सॉफ्टवेअर एका पॅकेजात मावत नाही, त्याला शेकडो पॅकेजं लागतात. एका पॅकेजातला कोड आपल्याच घरातल्या दुसऱ्या पॅकेजाला द्यायचा, तर त्याला 'पब्लिक' म्हणावं लागे, आणि पब्लिक म्हणजे साऱ्या जगाला पब्लिक. शेजारच्या खोलीला दाखवायचं म्हणजे रस्त्यावर मांडायचं. मधली पायरीच नव्हती. सन.मिस्कमधला बेस-६४चा वर्ग पब्लिक होता तो कंपनीच्या उदारपणामुळे नव्हे, भाषेला दुसरा शब्द ठाऊक नव्हता म्हणून.

जुन्या वाड्यात ओसरीवर कुणीही टेकावं, माजघरात घरच्यांनीच जावं, असा रिवाज होता. माजघराला कुलूप क्वचितच असे. उंबरा असे, आणि तो पाळला जाई, कारण येणारा-जाणारा ओळखीचा होता. सॉफ्टवेअरच्या घरात येणारा कोण, कुठला, हे घरच्याला कळतही नाही. तो दुसऱ्या खंडात बसून घरातली भिंत आपल्या छपराखाली टेकू म्हणून वापरत असतो, आणि भिंत हलवली की मगच त्याचा आवाज ऐकू येतो.

असा एक आवाज २०१०च्या जुलैमध्ये फार मोठ्याने आला. त्या वर्षी जानेवारीत ओरॅकलने सन मायक्रोसिस्टिम्स विकत घेतली होती. जावा सहाच्या एकविसाव्या अपडेटमध्ये विंडोजवरच्या फायलींच्या माहितीत कंपनीचं नाव 'सन मायक्रोसिस्टिम्स'ऐवजी 'ओरॅकल' असं झालं. मालक बदलला, पाटी बदलली, इतकंच. पण एक्लिप्स हे जावा प्रोग्रामरचं लाडकं साधन सुरू होताना नेमकं तेच नाव वाचत असे. सनचं नाव दिसलं तरच ते स्मृतीच्या एका विशिष्ट भागासाठी जादा जागा मागणारी आज्ञा देई. नाव दिसेना, म्हणून आज्ञा जाईना. आज्ञा नाही, म्हणून जागा अपुरी. एक्लिप्स थोड्या वेळात गोठू लागलं, कोसळू लागलं. फायलीतलं ते नाव म्हणजे आमचं वचन आहे, असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. तरी ओरॅकलने जुनं नाव परत घालून तेच अपडेट पुन्हा काढलं.

गूगलमध्ये काम केलेले अभियंता हायरम राइट यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम आहे: वापरणारे पुरेसे झाले की तुम्ही कागदावर काय वचन दिलंत याला अर्थ उरत नाही, सॉफ्टवेअरची दिसेल ती प्रत्येक सवय कुणाच्या तरी आधाराची झालेली असते.

योगायोग असा की एक्लिप्सच्या स्वतःच्या घरात आतलं-बाहेरचं फार काटेकोर होतं. २००१मध्ये बाहेर आलेल्या या प्रकल्पाने पॅकेजाच्या नावातच 'इंटर्नल' हा शब्द घालण्याची रीत पाडली. नावात तो शब्द दिसला की समजावं, हे आमचं आतलं. पुढे ओएसजीआय ही व्यवस्था त्यांनी स्वीकारली, तेव्हा कुठलं पॅकेज बाहेर द्यायचं ते यादी करून सांगता येऊ लागलं आणि यादीबाहेरचं पॅकेज खरोखरच अडू लागलं. म्हणजे हे करता येतं, हे जावाच्याच अंगणात सिद्ध झालं होतं. खुद्द जावाच्या घराला मात्र ते अजून जमलेलं नव्हतं.

त्या घरातली सर्वांत मोलाची आणि सर्वांत धोक्याची वस्तूही सन.मिस्कमध्येच होती. तिचं नावच 'अनसेफ', असुरक्षित. जावा प्रोग्रामरला स्मृतीला थेट हात लावू देत नाही; त्याच्या चुकांमुळे सगळं कोसळू नये म्हणून मध्ये पहारा असतो. अनसेफ हा पहारा बाजूला सारतो. हव्या त्या पत्त्यावर वाचा, लिहा, जावाच्या ताब्याबाहेरची स्मृती घ्या आणि सोडा, प्रोग्रामचे एकाच वेळी चालणारे दोन धागे एका मूल्यावर तुटून पडले तर तुलना आणि अदलाबदल एका दमात उरका. जावाच्या लायब्ररीला स्वतःला हे लागे. २००४मध्ये पाचव्या आवृत्तीत डग ली यांच्या नेतृत्वाखाली समांतर कामांसाठी जी नावाजलेली पॅकेजं आली, त्यांचा पाया यावरच होता.

अनसेफला कुलूपही होतं. तो मागणारी पद्धत आधी मागणाऱ्याची चौकशी करी आणि घरचा नसेल तर हाकलून देई. पण आत एका खासगी चलात तो तयार ठेवलेला असे, आणि जावातच 'रिफ्लेक्शन' नावाची सोय होती, जिच्या जोरावर कुठल्याही वर्गाचं खासगी चल उघडता येई. चार ओळींचं काम. ते चार ओळींचं मंत्रपुष्पांजलीसारखं पाठांतर जगभर पसरलं. नेटवर्कवर प्रचंड वर्दळ सांभाळणारं नेट्टी, अनेक यंत्रांवर पसरलेला कॅसँड्रा हा डेटाबेस, विदेचे डोंगर उपसणारं स्पार्क या सगळ्यांनी अनसेफ वापरला. हे लोक चोर नव्हते. वेग त्यांच्या सॉफ्टवेअरचा प्राण होता आणि तो दुसऱ्या कुठल्या दाराने मिळत नव्हता.

जावाचं घर नव्याने आखायचं, सगळ्या लायब्ररीचे मॉड्यूल पाडायचे आणि कुठल्या मॉड्यूलचं काय बाहेर दिसेल ते लिहून टाकायचं, हा प्रकल्प २००८मध्ये सुरू झाला. नाव जिगसॉ, सूत्रधार मार्क राइनहोल्ड. तो सातव्या आवृत्तीत यायचा होता, आला नाही. आठव्यात यायचा होता, तेही हुकलं. २०१७ उजाडलं.

त्या वर्षाचा मे महिना नाट्यमय ठरला. जावाची मानकं ठरवणाऱ्या समितीत मॉड्यूलचा प्रस्ताव मताला आला आणि १० विरुद्ध १३ मतांनी पडला. विरोधकांत आयबीएम आणि रेड हॅट होत्या. आक्षेप नुसत्या कुलपांवर नव्हते, वेगवेगळ्या बांधणी-साधनांशी आणि जुन्या व्यवस्थांशी हे कसं जुळेल, यावरही होते. चर्चा झाल्या, मजकूर सुधारला, आणि जूनमध्ये फेरमतदानात एकही विरोधी मत न पडता तो मंजूर झाला. २१ सप्टेंबर २०१७ला जावा ९ आली.

या आराखड्यातली दोन कलमं नीट पाहण्यासारखी आहेत.

पहिलं कलम आतल्या वस्तूंची वर्गवारी करणारं. बाहेरचं कुणी फारसं वापरत नाही, ते बंद. ज्याला आठव्या आवृत्तीत जाहीर पर्याय आहे, तेही बंद, सन.मिस्कमधला बेस-६४ याच न्यायाने गेला, कारण २०१४पासून पुढच्या दालनात त्याची जागा भरलेली होती. पण जे लोकांना खरोखर लागतं आणि ज्याला पर्याय नाही, ते पर्याय तयार होईपर्यंत उघडं. अनसेफ या तिसऱ्या गटात होता. त्याला एका वेगळ्या मॉड्यूलमध्ये हलवलं गेलं आणि त्या मॉड्यूलच्या नावातच 'अनसपोर्टेड' हा शब्द आहे. कोण काय वापरतं ते शोधण्यासाठी 'जेडेप्स' हे साधन आठव्या आवृत्तीपासूनच हाती दिलेलं होतं. दारं लावण्याआधी आत कोण आहे याची अशी विचारपूस फार थोड्या प्रकल्पांनी केली आहे.

दुसरं कलम रिफ्लेक्शनचं. नवव्या आवृत्तीतच ही खिडकी बंद करायचा मूळ बेत होता. मोडतोड किती होईल हे दिसल्यावर तो पुढे ढकलला. आतल्या वस्तूला हात लावला की पहिल्या वेळी एक इशारा छापायचा, पुढच्या एखाद्या आवृत्तीत हे नाकारलं जाईल असं सांगायचं, पण काम होऊ द्यायचं. हा इशारा लोकांनी साडेतीन वर्षं पाहिला. २०२१च्या मार्चमध्ये जावा १६ने प्रथमच 'नाही' हे उत्तर नेहमीचं केलं आणि सप्टेंबरमध्ये जावा १७ने सरसकट सूट देणारा पर्यायही काढून टाकला. पुण्या-मुंबईत बँका आणि विमा कंपन्यांची जुनी जावा सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या ज्यांनी आठवरून सतरावर जाण्याची कामं केली आहेत, त्यांना ही तारीख सांगावी लागत नाही.

एक किल्ली मात्र मुद्दाम ठेवली आहे. प्रोग्राम सुरू करताना आज्ञेच्या ओळीत स्पष्ट नाव घेऊन एखादं आतलं पॅकेज उघडता येतं. जबाबदारीची जागा त्यामुळे बदलली. पूर्वी कुठली तरी तिसरी लायब्ररी गुपचूप आत शिरे आणि प्रोग्राम चालवणाऱ्याला पत्ताही नसे. आता दार उघडायचं तर चालवणाऱ्यानेच उघडायचं, आणि उघडल्याची नोंद त्या ओळीत सगळ्यांसमोर राहते.

जावा जुन्या घरात भिंती घालत होती तेव्हा गो ही गूगलमध्ये जन्मलेली भाषा तरुण होती. २००९मध्ये ती जाहीर झाली, २०१२च्या मार्चमध्ये पहिली पक्की आवृत्ती आली, आणि तिच्याबरोबर एक मोठं वचन: यापुढे जाहीर लायब्ररीवर लिहिलेला कोड मोडणार नाही. असं वचन देणाऱ्याला काय जाहीर आहे आणि काय नाही, ही रेघ फार स्वच्छ लागते. गोमध्ये नावाचं पहिलं अक्षर मोठं असेल तर ते बाहेर दिसतं, लहान असेल तर पॅकेजातच राहतं. सुरेख नियम, पण त्यातही जावाचीच उणीव होती: आपल्याच शेजारच्या पॅकेजाला द्यायचं तर मोठं अक्षर, आणि मोठं अक्षर म्हणजे सारं जग.

रस कॉक्स यांनी २०१४मध्ये यावर सुचवलेला उपाय भाषेच्या व्याकरणाला हातही लावत नाही. तो फोल्डरच्या नावात आहे. एखाद्या फोल्डरमध्ये 'इंटर्नल' नावाचा फोल्डर केला की त्यातली पॅकेजं त्या बाहेरच्या फोल्डरच्या आवारातल्या कोडलाच वापरता येतात. आवाराबाहेरून कुणी इम्पोर्ट केलं, तर प्रोग्रामची बांधणीच होत नाही. एक्लिप्सने नावात घातलेला तोच शब्द. फरक इतकाच की इथे तो वाचून मान देण्यासाठी नव्हता, तो गोचं साधन स्वतः तपासत होतं. डिसेंबर २०१४च्या १.४ आवृत्तीत हा नियम गोने आधी आपल्याच लायब्ररीला लावला. ऑगस्ट २०१५च्या १.५पासून तो सर्वांना लागू झाला. मॉड्यूलची यादी नाही, समितीचं मतदान नाही. तरुण घराचा हा फायदा: भिंत घालताना तिला टेकून बसलेलं कुणी नव्हतं.

ज्या भाषांना असं कुलूप नाही, त्यांत लोक नावांवरच भिस्त ठेवतात. जावास्क्रिप्टमधल्या रिअ‍ॅक्ट या लायब्ररीने आपल्या आतल्या वस्तूला कित्येक वर्षं जे नाव दिलं होतं, त्याचा अर्थ होता 'गुप्त आतला भाग, वापरू नका, नाहीतर नोकरी जाईल'. रिअ‍ॅक्ट १९मध्ये ते बदललं. आताचं नाव सांगतं की वापरू नका, नाहीतर तुमच्या वापरकर्त्यांना बजावून ठेवा की त्यांना पुढच्या आवृत्तीवर जाता येणार नाही. दुसरं नाव पहिल्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक. आतल्या वस्तूला टेकलेल्या सॉफ्टवेअरचं खरंच तेच होतं, ते जुन्या आवृत्तीला खिळून बसतं.

नुसत्या नावांवर न थांबता अँड्रॉइडने २०१८मध्ये नवव्या आवृत्तीत याद्या करण्याचा मार्ग धरला. जाहीर न केलेल्या पद्धतींची प्रतवारी झाली: काही लगेच बंद, काही इशाऱ्यासह तूर्त चालू.

अनसेफची गोष्ट अजून चालूच आहे. त्याच्या एकेका कामासाठी ओसरीवर नवी जागा बांधायला मोठा काळ लागला. तुलना-अदलाबदलीसाठी जाहीर पर्याय नवव्या आवृत्तीतच आला. ताब्याबाहेरच्या स्मृतीसाठीचा पर्याय पक्का व्हायला २०२४चा मार्च, जावा २२ उजाडावी लागली. त्यानंतरच, सहा महिन्यांनी, जावा २३ने अनसेफच्या स्मृतीविषयक पद्धती पुढे काढून टाकण्यात येतील असं जाहीर केलं, आणि २०२५मध्ये जावा २४ त्या वापरणाऱ्याला चालू प्रोग्राममध्येच इशारा देऊ लागली. आधी वस्तू, मग इशारा, मग नकार. बेस-६४च्या वेळी इशारा आधी आला होता आणि वस्तू नंतर.

गोलाही शेवटी याच्यातून सुटका मिळाली नाही. इम्पोर्टचं दार पक्कं होतं, पण कंपायलरला दिलेल्या 'लिंकनेम' नावाच्या एका सूचनेने लोक त्या दाराला वळसा घालत. दुसऱ्या पॅकेजातलं लहान अक्षराचं फंक्शन त्याच्या नावाने थेट जोडून घेत. २०२४च्या ऑगस्टमध्ये गो १.२३ने हा वळसा बंद केला. पण बंद करताना असं दिसलं की काही फंक्शनना आधीच इतक्या लोकप्रिय लायब्रऱ्या टेकलेल्या आहेत की ती हलवली तर कित्येकांचे प्रोग्राम बांधलेच जाणार नाहीत. म्हणून ती तेवढी उघडी ठेवली. गोचा स्रोतकोड कुणालाही वाचता येतो. त्यातल्या अशा एकेका फंक्शनच्या डोक्यावर आता टीप आहे: हे खरं म्हणजे आतलं, पण पुढील लायब्रऱ्या ते वापरतात. खाली त्यांची नावं, एकाखाली एक. आणि शेवटी पुढच्या अभियंत्याला सूचना की हे फंक्शन काढू नका, त्याची रचनाही बदलू नका.